घोरणारा मनुष्य गाढ झोंपलेला असतो काय?

मराठींत एखाद्याच्या निश्चिंतपणाचें वर्णन करावयाचें झालें म्हणजे 'तो खुशाल घोरत पडला आहे' असें आपण म्हणतों. घरावर कर्ज असो, मुलाची परीक्षा असो, जो घोरतो त्याला कसलीहि विवंचना नाहीं व झोंप मात्र उत्तम लागते, अशी या बोलण्यामागची समजूत. वाल्मीकींच्या युद्धकांडांत कुंभकर्णाला जागें करावयास गेलेले राक्षस त्याच्या निःश्वासाच्या वाऱ्यानेंच मागें रेटले जातात; तें वर्णन ऐकून हसला नाहीं असा श्रोता आम्हीं पाहिला नाहीं. घोरणें हा विषय विनोदाचा, भरल्या पोटाचा आणि गाढ झोंपेचा, असें आपल्या घरांतून ठरूनच गेलें आहे. आम्हांस आज सांगावयाचें आहे तें याच्या नेमकें उलट आहे. जो मोठ्यानें घोरतो, घोरतां घोरतां मध्येंच गप्प होतो, आणि मग धाप लागल्यासारखा पुन्हां घोरूं लागतो, तो रात्रभर बिछान्यावर असला तरी त्याला झोंप मिळाली असें म्हणतां येत नाहीं.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका वाचक भगिनींच्या पत्रानें. घर तीन पिढ्यांचें. यजमानांचें वय अठ्ठावन्न. "हे आडवे होतांच घोरूं लागतात, त्याची मला पस्तीस वर्षांची सवय आहे," असें त्या लिहितात. "पण अलीकडे आवाज एकाएकीं बंद होतो. छाती हलतांना दिसते, पण श्वास येत नाहीं. मी अंक मोजतें. वीसपर्यंत, कधीं तिसापर्यंत. मग मोठा हुंदका दिल्यासारखा आवाज करून हे पुन्हां श्वास घेतात. मला मग झोंप म्हणून लागत नाहीं. सकाळीं सांगितलें तर म्हणतात, मी तर मेल्यासारखा झोंपलों होतों, तुलाच स्वप्नें पडतात. मुलें हसतात. सूनबाई तेवढी गप्प बसते."

वैद्यकाला हवी असलेली जवळजवळ सगळी माहिती या दहा ओळींत आली आहे. राहिला प्रश्न एवढाच, कीं पतीचें म्हणणें खरें कीं पत्नीचें. त्याचें उत्तर समजण्यास घशाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

श्वासाची वाट नाकापासून फुफ्फुसापर्यंत सारख्याच बळकटीची नाहीं. खालच्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार आहे, म्हणून ती मिटत नाहीं. परंतु पडजिभेच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा जो घशाचा भाग, त्याला असा वेढा नाहीं. गिळणें व बोलणें हीं दोन्ही कामें त्यालाच करावयाचीं असल्यामुळें तो मऊ व लवचिक आहे, आणि त्याला उघडा ठेवण्याचें काम स्नायूंवर सोपविलेलें आहे. झोंपेंत हे स्नायू सैल पडतात. मनुष्य उताणा निजला असेल तर जिभेचें मूळहि मागें ढळतें. वाट चिंचोळी झाली कीं हवा वेगानें जाऊं लागते, आणि दाराच्या फटींतून वारा शिरला म्हणजे पडदा फडफडावा तशी मृदु तालु व पडजीभ फडफडते. हेंच घोरणें. सर्दी झाली असतां, किंवा फार दमून निजलें असतां, पुष्कळजण घोरतात. त्यांत शेजाऱ्याच्या झोंपेखेरीज दुसऱ्या कशाचें फारसें नुकसान नाहीं.

पण वाट चिंचोळी न होतां साफ मिटली तर? तर आवाज थांबतो. बाजूला निजलेल्याला वाटतें, सुटलों एकदाचे! प्रत्यक्षांत त्या शांततेंत झटापट चाललेली असते. छाती व पोट श्वास ओढीत असतात, हवा आंत शिरत नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो, कर्बवायु चढूं लागतो. शेवटीं मेंदू त्या मनुष्याला कांहीं क्षणांपुरता जागा करितो. स्नायू ताठ होतात, वाट धाडकन् उघडते, हुंदक्यासारखा श्वास आंत जातो, मनुष्य पुन्हां झोंपीं जातो, स्नायू पुन्हां सैल पडतात, आणि तेंच चक्र पुन्हां सुरू होतें. हा जागेपणा इतका अल्प असतो कीं सकाळीं त्याची आठवण राहत नाहीं. तेव्हां 'मी मेल्यासारखा झोंपलों होतों' असें म्हणणारे यजमान खोटें बोलत नाहींत. या प्रकरणांत ते साक्षीदारच नव्हेत एवढेंच. आपल्या झोंपेची साक्ष आपल्याला देतां येत नाहीं. ती देणारें माणूस शेजारीं निजलेलें असतें, आणि नेमकी त्याचीच थट्टा होते.

या विकाराला इंग्रजींत 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. मराठींत निद्राश्वासरोध म्हणण्यास हरकत नसावी. मोठ्या माणसाचा श्वास १० सेकंद वा त्याहून अधिक काळ थांबला, म्हणजे तो एक प्रसंग धरितात. श्वास पूर्ण न थांबतां फार मंदावला तर तोहि मोजतात. असे प्रसंग ताशी ५ पर्यंत असल्यास काळजी नाहीं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, आणि ३० च्या वर तीव्र. ताशी ३० या हिशेबानें सात तासांच्या झोंपेंत २१० वेळां श्वास अडला. एखाद्या विद्यार्थ्याला रात्रींतून २१० वेळां हलवून उठवावें आणि सकाळीं पहिल्याच तासाला त्याला रामशब्द चालविण्यास सांगावें. तो जें उत्तर देईल तशाच अवस्थेंत हीं माणसें दिवसभर व्यवहार करीत असतात.

संस्कृताच्या अभ्यासकांना येथें एक शब्द सांगण्याजोगा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अतिस्थूल मनुष्याला जडणाऱ्या पीडांची जी यादी आहे तींत लहानशा श्रमानें लागणारी धाप व अति निद्रा यांच्या जोडीला 'क्रथन' असा शब्द येतो. त्याचा अर्थ श्वासाचा अकस्मात् अवरोध असा करितात. झोंपेंतील घशाची घरघर असाहि करितात. दोन्ही अर्थ शेजारीं ठेवले म्हणजे वरील पत्रांतलेंच चित्र उभें राहतें. एवढ्यावरून 'आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें' म्हणून टाळ्या पिटण्याचें कारण नाहीं. त्यांनीं पाहिलें, आणि बरोबर पाहिलें; पण वाट कोठें मिटते व ती रात्रभर उघडी कशी ठेवावी, हें कळावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

युरोपांतहि डॉक्टरांच्या आधीं हा रोगी एका कादंबरीकाराला दिसला. डिकन्सच्या १८३६-३७ मधील 'पिक्विक पेपर्स'मध्यें जो नांवाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो काम करतां करतां, उभ्या उभ्याहि झोंपीं जातो. पुढें १९५६ मध्यें डॉ. बर्वेल व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत एका स्थूल रोग्याची हकीकत छापली आणि त्या लक्षणांना पिक्विकचेंच नांव दिलें. हे गृहस्थ पत्ते खेळावयास बसले असतां त्यांच्या हातीं तीन एक्के व दोन राजे आले; असें पान आयुष्यांत क्वचितच लागतें; पण तेवढ्यांत त्यांना झोंप लागली व डाव हातचा गेला. त्यानंतरच ते इस्पितळांत गेले! बिचाऱ्याला दुखण्यानें हलविलें नाहीं, पत्त्यांनीं हलविलें. १९६५ मध्यें फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनीं अशा रोग्यांच्या झोंपेचें यंत्रानें आलेखन केलें, तेव्हां श्वास झोंपेंत वारंवार थांबतो हें उघड झालें. आणि १९७६ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें डॉ. गिलमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विकाराला त्याचें आजचें नांव दिलें.

आतां हा विकार मूळ कशावर घाव घालतो तें पाहूं. श्वास कोंडला कीं शरीर संकटसमयीं वागतें तसें वागतें. नाडी व रक्तदाब उसळी घेतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीं उतरतो. याचा उतरत नाहीं, आणि पुढें पुढें दिवसाहि चढलेलाच राहतो. दोन-तीन औषधें वेळच्या वेळीं घेऊनहि ज्याचा रक्तदाब ताब्यांत येत नाहीं, त्याच्या झोंपेची चौकशी अवश्य झाली पाहिजे. हृदयाचे ठोके अनियमित पडणें, पक्षाघात, मधुमेह यांच्याशींहि याचें नातें आढळलें आहे. सकाळीं उठतांच डोकें जड, तोंड कोरडें. दुपारीं वर्तमानपत्र हातांतून गळणें. विसराळूपणा आणि चिडकेपणा. हीं तर घरांतील सर्वांच्या परिचयाचीं लक्षणें आहेत, पण तीं वयाच्या किंवा स्वभावाच्या खात्यावर मांडलीं जातात.

एक लक्षण असें आहे कीं त्याचा संबंध झोंपेशीं असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तें म्हणजे रात्रीं तीन-चार वेळां लघवीस उठणें. मिटलेल्या वाटेविरुद्ध छाती जोर करते तेव्हां हृदयाचे कप्पे ताणले जातात. त्या ताणानें हृदयांतून एक द्रव्य रक्तांत उतरतें, आणि तें मूत्रपिंडांना अधिक मूत्र करण्याची आज्ञा देतें. प्रोस्टेट, मधुमेह हीं कारणें असतातच, तीं तपासलींच पाहिजेत. पण तीं निघालीं नाहींत तर शोध तेथेंच थांबवूं नये. आणि दिवसा पेंगणारा मनुष्य मोटार चालवीत असेल, सगळें कुटुंब घेऊन रात्रींच्या रात्रीं गांवीं निघत असेल, तर प्रश्न त्याच्या एकट्याच्या प्रकृतीचा राहत नाहीं.

हा विकार साहेबांच्या देशांतला, आपल्याकडे कोठला, असें कोणी समजूं नये. मुंबईच्या एका इस्पितळांत आरोग्यतपासणीसाठीं आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनीं २००४ मध्यें प्रसिद्ध केली. तींत झोंपेंतील श्वासाचा हा बिघाड १९.५ टक्क्यांत, आणि बिघाडाबरोबर दिवसाची पेंगहि असलेला विकार ७.५ टक्क्यांत आढळला. लठ्ठपणा, विशेषतः मानेभोंवतीं व पोटावर सांठलेली चरबी, हें मोठें कारण खरें. पण ज्याचा जबडा आंत गेलेला आहे किंवा घसाच जन्मतः अरुंद आहे असा सडपातळ मनुष्यहि यांत सांपडतो.

पुरुषाचें घोरणें निदान थट्टेचा विषय तरी होतें. स्त्रीचें घोरणें कोणी उच्चारीतहि नाहीं. बाईमाणसानें घोरणें म्हणजे कांहीं तरी कमीपणा, असा एक न लिहिलेला दंडक आपल्या घरांतून आहे. लग्नघरीं गाद्या एका ओळीनें घातल्या कीं जिला आपण घोरतों हें ठाऊक आहे ती बाई सर्वांच्या मागून निजते, किंवा कोपऱ्यांतली भिंत गांठते. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथील १९९३ च्या प्रसिद्ध पाहणींत ३० ते ६० वयाच्या पुरुषांपैकीं २४ टक्के व स्त्रियांपैकीं ९ टक्के ताशी ५ किंवा अधिक प्रसंगांच्या वर्गांत आले. म्हणजे स्त्रिया कमी खऱ्या, पण थोड्या नव्हेत. पाळी गेल्यानंतर तर हें प्रमाण वाढतें. शिवाय स्त्रियांत लक्षणें निराळीं दिसतात. झोंप न लागणें, सकाळची डोकेदुखी, अंगांत त्राण नसणें, मन खिन्न राहणें, अशा तक्रारी घेऊन ती डॉक्टरांकडे जाते. रक्त तपासलें जातें, थायरॉइड तपासलें जातें, आणि तें योग्यच आहे. पण 'आपण घोरतां का?' हें कोणी विचारीत नाहीं आणि ती आपण होऊन सांगत नाहीं. सासूनें सुनेबद्दल व सुनेनें सासूबद्दल हें न लाजतां डॉक्टरांस सांगावें अशी आमची सूचना आहे. थट्टा न करितां सांगितलें तर त्यांत मानहानि कसली?

लहान मुलांसंबंधीं, शिक्षकी पेशांत आयुष्य गेल्यामुळें, दोन शब्द अधिक लिहिल्यावांचून राहवत नाहीं. मुलांत याचें नेहमींचें कारण घशांतील गांठी, म्हणजे टॉन्सिल, व नाकामागील ॲडेनॉइड वाढणें हें होय. असें मूल तोंड उघडें टाकून निजतें, घोरतें, घामानें भिजतें, गादीवर लोळण घेतें, कधीं अंथरूण ओलें करितें. मात्र दिवसा तें मोठ्या माणसासारखें पेंगेलच असें नाहीं. उलट चुळबुळ करितें, एका जागीं बसत नाहीं, सांगितलेलें विसरतें. त्याला उनाड किंवा मठ्ठ ठरविण्यापूर्वीं तें रात्रीं कसें निजतें हें आजीला विचारावें. बहुधा तें तिच्याच कुशींत निजत असतें. पुष्कळ मुलांना त्या गांठी काढल्यानें गुण येतो.

आतां पत्रलेखिका भगिनींस. आपण रात्रभर जागून अंक मोजावे याची आवश्यकता नाहीं. दर वेळीं श्वास परत येतो तो त्यांचा मेंदू त्यांना जागें करितो म्हणून; आपल्या मोजण्यावर तो अवलंबून नाहीं. यांतील अपाय वर्षानुवर्षें सांठत जाणारा आहे, म्हणून आजची रात्र पहाऱ्यांत घालविण्यापेक्षां या आठवड्यांत डॉक्टरांची भेट ठरविणें अधिक उपयोगी. जातांना पुरावा बरोबर न्यावा. मोबाइल हल्लीं प्रत्येक उशीशीं असतोच. पांघरूण छातीखालीं सारून दोन-चार मिनिटांचें चित्रण करावें, म्हणजे आवाज, शांतता व छातीची हालचाल हीं तिन्ही डॉक्टरांस दिसतील. तें डॉक्टरांसाठींच आहे, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावरील करमणुकीसाठीं नव्हे. प्रथम कान-नाक-घशाच्या किंवा फुफ्फुसांच्या तज्ज्ञाकडे जावें. ते झोंपेची चांचणी सांगतील; नाकाशीं, बोटाला व छातीला उपकरणें लावून ती पुष्कळदां घरच्या बिछान्यावरहि एका रात्रींत होते.

चांचणींत विकार मध्यम वा तीव्र निघाला तर बहुधा यंत्र सुचविलें जातें, आणि घरांतील खरी लढाई तेथें सुरू होते. हें यंत्र ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्या कल्पनेंतून निघालें. १९८१ मध्यें त्यांनीं पांच रोग्यांचा वृत्तांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापला. आरंभींच्या यंत्राला केर ओढण्याच्या विजेच्या यंत्राची मोटर जोडलेली होती. तत्त्व इतकें साधें कीं आजवर कोणास सुचलें नाहीं याचें नवल वाटावें. नाकावर मुखवटा बांधून खोलींतलीच हवा किंचित् दाबानें आंत सोडावयाची. तो दाब घशाच्या भिंती आंतून तोलून धरितो आणि वाट मिटूं देत नाहीं. याला 'सीपॅप' म्हणतात. हा प्राणवायूचा नळा नव्हे, अतिदक्षता विभागांतलें कृत्रिम श्वसनाचें यंत्र तर नव्हेच. तरीहि नाकावर मुखवटा पाहतांच घरांत शोककळा पसरते, येणारा-जाणारा 'काय झालें?' म्हणून विचारतो, आणि यजमान चार दिवसांत यंत्र कपाटांत ठेवून देतात. चष्मा लावणाऱ्याला आपण असें विचारीत नाहीं. पहिले दोन-तीन आठवडे अडचणीचे जातात. मुखवट्याचें माप चुकलेलें असतें, नाक कोरडें पडतें, नळी कुशीखालीं येते. माप बदलून घ्यावें, हवेला ओलावा देणारें पात्र जोडून घ्यावें, आणि दिवसा जागेपणीं वाचीत बसतांना अर्धा तास लावून सवय करावी. यंत्र वापरीत आहों तोंवर गुण. सोडलें कीं विकार परत, हें मात्र समजून असावें.

ज्यांचा विकार सौम्य आहे त्यांस कुशीवर निजणें, रात्रींचें मद्य वर्ज्य करणें, आणि डॉक्टरांस विचारल्यावांचून झोंपेच्या गोळ्या न घेणें यांनीं पुष्कळ फरक पडतो. मद्य व कांहीं गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करितात. उताणें निजण्याची खोड मोडण्यासाठीं बंडीच्या पाठीवर खिसा शिवून त्यांत टेनिसचा चेंडू ठेवण्याची युक्ति आहे. दिसावयास हास्यास्पद, पण कांहींजणांस लागू पडते. वजनाचा हिशेब विस्कॉन्सिनच्याच २००० मधील अहवालांत स्पष्ट आहे: वजन १० टक्क्यांनीं वाढल्यास प्रसंग सुमारें ३२ टक्क्यांनीं वाढतात, तितकेंच घटल्यास सुमारें २६ टक्क्यांनीं उतरतात. डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषधखात्यानें स्थूल रोग्यांच्या या विकारावर टिर्झेपटाइड या टोंचून घेण्याच्या औषधास मान्यता दिली. तेंहि मुख्यतः वजन उतरवूनच काम करितें. खालचा जबडा पुढें धरणारी कवळी दंतवैद्य बनवून देतात, ती सौम्य व मध्यम विकारांत उपयोगी आहे. नाकांत तूप-तेल सोडल्यानें नाकास आराम वाटेल. जिभेच्या मुळाशीं ढासळलेली भिंत त्यानें सांवरत नाहीं. जाहिरातींतल्या अंगठ्या व चिमटे यांविषयीं तर न बोलणेंच बरें.

शंखाविषयीं मात्र आमच्या वाचकांस कुतूहल वाटेल. २००६ मध्यें स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं डिजरिडू हें ऑस्ट्रेलियांतील आदिवासींचें फुंकवाद्य चार महिने वाजवावयास लावून गुण आल्याचें दाखविलें होतें. पुढें जयपूर येथील डॉक्टरांनीं मध्यम विकाराच्या ३० रोग्यांपैकीं १६ जणांस सहा महिने शंखवादनाचा नियमित अभ्यास करावयास लाविलें, आणि २०२५ मध्यें निष्कर्ष छापले. दिवसाची पेंग कमी झाली व ताशीचे प्रसंग सरासरी चार-पांचांनीं घटले. घशाच्या स्नायूंस व्यायाम होत असावा. देवघरांतला शंख उपयोगांत येत असेल तर आनंदच आहे. पण पाहणी सोळा माणसांची आहे, आणि ज्याचे प्रसंग ताशी ४० आहेत त्याचे शंखानें ३५ झाले तरी तो तीव्र विकारांतच राहिला.

मोतीबिंदु असो वा हर्निया, कोणत्याहि शस्त्रक्रियेपूर्वीं हा विकार असल्याचें भूल देणाऱ्या डॉक्टरांस आठवणीनें सांगावें. भुलेच्या व वेदनाशामक औषधांनीं घसा अधिकच सैल पडतो. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनीं तें मुखवट्यासह इस्पितळांत बरोबर न्यावें.